स्मृतिभ्रंश नक्की कुणाला झालाय?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ६२ आणि ६३.

हे दोन श्लोक मला शाळेपासून पाठ आहेत. गीतापठण स्पर्धेत दुसरा अध्याय म्हणून मला स्टीलचा डबा मिळाला होता. तो डबा अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे, आई त्यात साबुदाणा ठेवते. पण पाठ असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं, हे मला मागच्या मंगळवारी कळलं. त्याबद्दलच आज लिहितोय. लिहायला जरा जड जातंय, पण लिहितो.

माझ्या बाबांना दोन वर्षांपूर्वी डिमेन्शियाचं निदान झालं. मराठीत याला स्मृतिभ्रंश म्हणतात. ३४ वर्षं बँकेत कॅशियर होते. नोटांचं बंडल नुसतं हातात घेतलं तरी एखादी नोट कमी आहे हे त्यांना कळायचं. आता सकाळी चहा झाला की नाही हे त्यांना आठवत नाही. आणि दिवसभरात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, "लाइटबिल भरलंस का रे?"

मंगळवारी माझं वर्क फ्रॉम होम होतं. चार वाजता कॉल झाला. तीन आठवडे खपून केलेलं काम वरिष्ठांनी सगळ्यांसमोर एका वाक्यात उडवून लावलं. कॉल पाच वाजता संपला. लॅपटॉप बंद केला, पण माझ्या डोक्यातला कॉल सात वाजेपर्यंत चालूच होता. त्या दोन तासांत बाबा सहा-सात वेळा दारात आले असतील. दर वेळी तोच प्रश्न. आधी मी "हो बाबा" म्हणालो, मग नुसती मान हलवली, मग मानही हलवली नाही. शेवटी टेबलावर हात आपटला आणि ओरडलो, "अहो, किती वेळा सांगू? भरलं! भरलं! भरलं!"

बाबा दचकले. दाराची चौकट धरून क्षणभर उभे राहिले आणि काही न बोलता परत गेले.

अर्ध्या तासानं मी पाणी प्यायला बाहेर आलो. ते सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसले होते. मी विचारलं, "काय झालं बाबा?" ते म्हणाले, "काही नाही रे. आज कसंतरीच होतंय. काय झालंय ते कळत नाहीये." मी ओरडलो होतो हे ते पार विसरले होते. आई स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "त्यांना आठवत नाही, पण लागलंय त्यांना."

त्या रात्री झोप आली नाही, म्हणून गीता उघडली. उघडली ती नेमकी दुसऱ्या अध्यायावर, असं काही सांगणार नाही. मुद्दामच दुसरा अध्याय काढला. मला तो शब्द पुन्हा बघायचा होता.

आठ पायऱ्यांचा जिना

या दोन श्लोकांत भगवंतांनी माणूस खाली कसा घसरतो ते पायरी-पायरीनं सांगितलं आहे. आधी विषयाचं ध्यान. त्यातून संग, म्हणजे मन चिकटणं. संगातून काम, म्हणजे हवंसं वाटणं. कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतीचा गोंधळ, स्मृती गेली की बुद्धीचा नाश, आणि बुद्धी गेली की माणूसच गेला.

आता माझा मंगळवार या जिन्यावर ठेवून बघा.

पहिली पायरी ध्यान. गंमत म्हणजे इथे शब्द ध्यानाचाच आहे. आपण म्हणतो, "मला ध्यान जमत नाही हो, मन एकाग्र होत नाही." अहो, होतं की! मी दोन तास एका वाक्यावर एकाग्र होतो, श्वासाचंही भान नव्हतं. मानसशास्त्रात याला रूमिनेशन म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ रवंथ करणं. गाय निदान चारा पचवण्यासाठी रवंथ करते. आपण अपमानाचा रवंथ करतो तेव्हा काहीच पचत नाही, उलट दर वेळी तो अधिक कडू होऊन वर येतो.

दुसरी पायरी संग. मी त्या कामाला चिकटलो होतो असं मला वाटत होतं. नीट बघितलं तर मी चिकटलो होतो "हा हुशार आहे" या लोकांच्या मताला.

तिसरी, काम. कुणीतरी फोन करावा आणि म्हणावं, "तुझंच बरोबर होतं." फोन आला नाही. इच्छा अडली की तिचाच क्रोध होतो.

आणि क्रोध निघाला कुणावर? ज्यांनी काम उडवून लावलं त्यांच्यासमोर मी "नोटेड, सर" म्हणालो होतो. निघाला तो बाबांवर. फ्रॉइडच्या परंपरेतले मानसशास्त्रज्ञ याला डिस्प्लेसमेंट म्हणतात. आपली आजी याला वड्याचं तेल वांग्यावर म्हणायची.

मग संमोह. संमोह म्हणजे समोर कोण आहे तेच न दिसणं. त्या क्षणी मला दारात बाबा दिसलेच नाहीत. मला दिसला एक अडथळा.

आणि मग सहावी पायरी. इथेच मी थांबलो, कारण त्रेसष्टाव्या श्लोकात जो शब्द आहे तोच बाबांच्या आजाराचं नाव आहे. स्मृतिभ्रंश.

कुठली स्मृती?

इथे स्मृती म्हणजे पाढे किंवा पासवर्ड लक्षात ठेवण्याची शक्ती नव्हे. आदि शंकराचार्य आपल्या भाष्यात सांगतात की ही स्मृती म्हणजे शास्त्रानं आणि गुरूंनी शिकवलेलं आत मुरून जो संस्कार झाला, त्यातून योग्य वेळी येणारी आठवण. म्हणजे मी कोण, समोर कोण, आणि आत्ता काय करणं योग्य, याचं भान.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मला काय काय आठवत नव्हतं? डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की असे पेशंट मुद्दाम विचारत नाहीत, त्यांच्यासाठी तो प्रश्न दर वेळी नवाच असतो. ते आठवलं नाही. लहानपणी मी एकाच गोष्टीचं पुस्तक रोज रात्री पुन्हा पुन्हा वाचायला लावायचो आणि बँकेतून दमून आलेले बाबा ते वाचायचे. ते आठवलं नाही. डब्यासाठी पाठ केलेले श्लोकही आठवले नाहीत. मला वरिष्ठांचं वाक्य तेवढं शब्द न शब्द आठवत होतं.

म्हणजे त्या खोलीत दोन माणसं होती आणि दोघांनाही स्मृतिभ्रंश झालेला होता. बाबांचा आजार होता, मेंदूतल्या पेशींचा. माझा मात्र मी दोन तास बसून स्वतः ओढवून घेतलेला होता.

आठवण जाते, ठसा राहतो

आई जे म्हणाली, "आठवत नाही, पण लागलंय," ते माझ्या मनातून जात नव्हतं. हे खरंच असं होतं का?

१९११ साली जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद या मानसशास्त्रज्ञानं एक अनुभव नोंदवून ठेवला आहे. त्याच्या एका रुग्ण बाईंना नवी कुठलीच गोष्ट लक्षात राहत नसे. रोज भेटणाऱ्या डॉक्टरांनाही त्या ओळखत नसत. एकदा क्लापारेदनं हातात टाचणी लपवून त्यांच्याशी हस्तांदोलन केलं. टाचणी टोचली. थोड्या वेळात त्या ते सगळं विसरल्या. पण पुढे त्यानं हात पुढे केला, तेव्हा त्यांनी आपला हात मागे घेतला. का, ते त्यांना सांगता येईना. मनाला घटना आठवत नव्हती, हाताला मात्र माहीत होतं.

त्यानंतर जवळपास १०० वर्षांनी, २०१० साली, अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी स्मरणशक्ती गेलेल्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या फिल्म दाखवल्या. काही मिनिटांत रुग्ण फिल्म विसरले, पण ते दुःख आणि तो आनंद मनात रेंगाळत राहिला. २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांबाबतही हेच दिसलं. दुःख का होतंय ते माहीत नाही, पण दुःख आहे.

हे वाचताना मला सोफ्याच्या कडेला बसलेले बाबा दिसले. "काय झालंय ते कळत नाहीये."

आपल्याकडे योगशास्त्रात या ठशाला संस्कार म्हणतात. अनुभव येतो आणि जातो, त्याचा ठसा चित्तात राहतो. तो ठसा पुढच्या वेळी आपल्याकडून काहीतरी करवून घेतो, आणि आपल्याला वाटतं की हे आपणच ठरवलं. प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांनी जन्मोजन्मीच्या संस्कारांचा सिद्धांत सिद्ध झाला, असं मी म्हणणार नाही. ते आपण उगाच ताणू नये. पण घटना विसरली म्हणजे ती पुसली गेली असं नाही, एवढं दोन्हीकडे सारखंच सांगितलेलं आहे.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती फार दिलासा देणारी आहे. ओरडण्याचा ठसा राहतो, तसा मायेचाही राहतो. "बाबांना कुठे आठवणार आहे, मी त्यांच्याशी बसून बोललो काय आणि नाही काय," असं मी अनेकदा म्हणालोय. ते चूक होतं. बोलणं विसरतील, पण बरं वाटलेलं काही काळ त्यांच्यापाशी राहील.

माइंडफुलनेसचं मूळ नाव

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मोबाइलवर माइंडफुलनेसचं एखादं अॅप असेल. या शब्दाची कुळकथा माहीत आहे का? बुद्धांच्या शिकवणुकीत पाली भाषेत एक शब्द आहे, सती. १८८१ साली र्‍हीस डेव्हिड्स या अभ्यासकानं त्याचं इंग्रजी भाषांतर माइंडफुलनेस असं केलं. पुढे १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला आणि हा शब्द जगभर गेला.

आता सती या पाली शब्दाचं संस्कृत रूप काय? स्मृती!

बघा म्हणजे. ज्याला आपण "वर्तमानात राहणं" म्हणतो, त्याचं मूळ नाव आठवण. आत्ता या क्षणी काय चाललंय याची आठवण ठेवणं. मी श्वास घेतोय, मी चिडलोय, समोर बाबा आहेत. आपली परंपरा नामस्मरण म्हणते, त्यातही स्मरणच आहे. नाम घेणं म्हणजे ओठ हलवणं एवढंच नाही. सुटून गेलेलं भान पुन्हा हातात घेण्याची ती दोरी आहे.

आणि गीतेचा शेवट आठवा. दुसऱ्या अध्यायात भगवंत स्मृती कशी जाते ते सांगतात. अठराव्या अध्यायात, त्र्याहत्तराव्या श्लोकात, अर्जुन शेवटचं बोलतो. तो म्हणतो की माझा मोह गेला, मला स्मृती मिळाली, आणि तीही तुझ्या कृपेनं. "मला नवीन ज्ञान झालं" असं तो म्हणत नाही. विसरलेलं आठवलं, असं म्हणतो. सगळी गीता म्हणजे एका माणसाच्या स्मृतिभ्रंशावरचा उपचार आहे, असं मला त्या रात्री वाटलं.

मग बाबा कुठे आहेत?

हा प्रश्न मी दोन वर्षं टाळत होतो. आठवणी एकेक करून गळून जात असतील, तर बाबा म्हणून उरतं काय? काही दिवशी ते मला त्यांच्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारतात. तेव्हा पोटात खड्डा पडतो.

पतंजलींनी चित्ताच्या पाच वृत्ती सांगितल्या आहेत : प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा आणि स्मृती. म्हणजे स्मृती हीसुद्धा एक वृत्तीच, चित्तावर उठणारी लाट. आणि द्रष्टा, पाहणारा, लाटेहून वेगळा. आपण आयुष्यभर "मी म्हणजे माझ्या आठवणी" असं धरून चालतो. शास्त्र म्हणतं, नाही. आठवण आली हे ज्याला कळतं आणि आठवत नाही हेही ज्याला कळतं, तो तू. "काय झालंय ते कळत नाहीये" हे बाबा म्हणाले, तेव्हा न कळणं हेसुद्धा कुणालातरी दिसत होतंच ना? वेदान्त त्याला साक्षी म्हणतो.

पंधराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात तर भगवंत म्हणतात की सगळ्यांच्या हृदयात मी आहे आणि स्मृती, ज्ञान आणि त्यांचं नाहीसं होणं हे माझ्यापासूनच आहे. पूर्वी हा श्लोक वाचताना मी शेवटच्या शब्दावरून घाईनं पुढे जायचो. आता थांबतो. बाबांची स्मृती ज्याच्याकडून आली, त्याच्याकडेच ती चालली आहे. हृदयातला तो मात्र कुठेही गेलेला नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. या आजाराला कुणी "मागच्या जन्मीचं कर्म" म्हणालं तर ऐकून घेऊ नका. आमच्याकडे एका नातेवाइकांनी म्हटलं होतं, आईला दोन दिवस जेवण गेलं नाही. दुसऱ्याच्या दुःखाचा हिशोब मांडण्यासाठी शास्त्र नाही. आणि घरात कुणाच्या विसरण्यानं काळजी वाटत असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. पारायण हवंच, पण औषधाच्या जागी नको.

शेवटच्या क्षणी आठवलं नाही तर?

बाबा कधीकाळी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायचे. आजाराच्या सुरुवातीला, अजून बरंच कळत होतं तेव्हा, त्यांनी मला एकदा विचारलं होतं, "अंतकाळी जो देवाला आठवतो तो देवाकडे जातो म्हणतात. मला त्या वेळी नाव आठवलंच नाही तर रे?"

मी तेव्हा "काहीतरीच काय बाबा" म्हणून विषय बदलला. आता तो प्रश्न त्यांना आठवत नाही. मला आठवतो.

आठव्या अध्यायात अंतकाळच्या स्मरणाबद्दल सांगताना भगवंत लगेच पुढे म्हणतात की माणूस आयुष्यभर ज्या भावात भिजलेला असतो, त्याकडेच तो जातो. म्हणजे पुन्हा ठसाच. एका क्षणाची परीक्षा नाही ती. आणि श्रीवैष्णव परंपरेत वराह चरम श्लोक म्हणून जे वचन फार जपलं जातं, त्यात वराहरूपी भगवंत पृथ्वीदेवीला आश्वासन देतात. शरीर आणि मन धड असताना ज्यानं माझं स्मरण केलं, तो शेवटी लाकडासारखा, दगडासारखा पडलेला असेल, त्याला माझी आठवण येत नसेल, तेव्हा मी त्याची आठवण ठेवतो आणि त्याला माझ्याकडे नेतो.

हे वाचल्यावर मी खूप रडलो, मंडळी. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर इतकी वर्षं तिथे होतं. खात्याची नोंद फक्त आपल्याकडेच असते असं आपण समजतो. बँकेतल्या माणसाला तरी हे कळायला हवं होतं की नोंद दोन ठिकाणी असते.

आजचा अभ्यास

फार काही नाही. तीनच गोष्टी.

पहिली : जिना पहिल्या पायरीवर अडवायचा. क्रोधापर्यंत आल्यावर थांबणं फार अवघड, तिथे उतार तीव्र असतो. म्हणून एखादं वाक्य डोक्यात तिसऱ्यांदा फिरतंय असं लक्षात आलं की स्वतःला सांगा, "रवंथ चाललाय." बास. त्याच्याशी भांडू नका. उठा, पाणी प्या, एकदा नाम घ्या.

दुसरी : खोली बदलताना, कॉल संपताना, घरात पाऊल टाकताना एक क्षण उंबरठ्यावर थांबा आणि आठवा, "आता समोर कोण आहे?"

तिसरी : घरात कुणा आजारी माणसाची सेवा करत असाल तर एकट्यानं सगळं ओढू नका. चिडचिड होते म्हणजे तुम्ही वाईट आहात असं नाही. बऱ्याचदा तुम्ही फक्त दमलेले असता. भावंडांना सांगा, वाटून घ्या. मी आता मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ ताईकडे दिली आहे.

मी सुधारलो असं म्हणत नाही. शनिवारी पुन्हा आवाज चढला होता. पण टेबलापर्यंत गेलेला हात खाली आला, तेवढी स्मृती त्या वेळी जागी होती.

काल संध्याकाळी मी देवापुढे हरिपाठ लावला. बाबा शेजारी बसले होते. शब्द येत नव्हते, पण मांडीवर ठेवलेली बोटं ठेका धरत होती, आणि एकही ठेका चुकत नव्हता. संपल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"लाइटबिल भरलंस का रे?"

"भरलं, बाबा."

"बरं झालं. नाहीतर लाइट कापतात. तुझ्या आईला अंधारात त्रास होतो."

मंडळी, गेली दोन वर्षं मी तो प्रश्न ऐकतोय. तो लाइटबिलाचा नव्हताच, हे मला काल कळलं.

दहा मिनिटांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

राम कृष्ण हरी.